पेपर सुटतात, प्रबंध अडकतो

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत सतरा वर्षं शिकवते आहे, गेली चार वर्षं पर्यवेक्षिका आहे. एम.ए., बी.एड. झालंय. आता शैक्षणिक नेतृत्वातली पदव्युत्तर पदवी घ्यावी असं वाटतं. काहीजण म्हणतात, मास्टर्समध्ये वेळ कशाला घालवता, थेट डॉक्टरेट करा. एसओपी, म्हणजे अर्जासोबत द्यायचं उद्देशपत्र, चारदा लिहिलं, दरवेळी निरोप समारंभातल्या भाषणासारखं होतं. ‘मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम’ हा विषय मनात आहे, तो कसा वाटतो? नोकरी सोडता येणार नाही. माझी एक सहकारी अशाच अभ्यासक्रमाचे सगळे पेपर चांगल्या गुणांनी पास झाली आणि पाच वर्षं प्रबंधात अडकून पडली आहे. माझंही तेच होईल ही धास्ती आहे.
— एक पर्यवेक्षिका

उत्तर : ताई, आधी तुमच्या सहकारी बाईंबद्दल, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. पेपरांत माणूस सहसा अडकत नाही. पेपरांना वेळापत्रक असतं, शिकवणारं कुणी असतं, सोबतीला वर्ग असतो आणि ठरल्या तारखेला काहीतरी लिहून द्यावंच लागतं. शेवटचा पेपर संपला की हे सगळं एका दिवसात जातं. उरतात एक मार्गदर्शक, एक कोरी फाइल आणि शाळेची न संपणारी कामं. त्या क्षणी हातात विषय नसेल तर पहिलं वर्ष तो शोधण्यात जातं आणि दुसरं तो बदलण्यात. म्हणून विषय प्रवेशाआधी लागतो. शीर्षक पक्कं नसलं तरी चालेल. पण शाळेतली कोणती गोष्ट तुम्हाला सतत खटकते आणि तिची माहिती तुमच्या हाती लागू शकते का, एवढं तरी ठरलेलं हवं.

तुम्ही सुचवलेला विषय मात्र घेऊ नका. मुख्याध्यापक मुलांना थेट शिकवत नाहीत. ते शिक्षकांवर, वेळापत्रकावर, शाळेच्या वातावरणावर परिणाम करतात आणि त्यातून काही अंश मुलांपर्यंत पोहोचतो. हॅलिंजर आणि हेक या अभ्यासकांनी १९८० ते १९९५ या काळातलं संशोधन तपासून नेमकं हेच मांडलं, की हा परिणाम असतो, पण बहुतांशी अप्रत्यक्ष असतो. मधल्या इतक्या गोष्टी वेगळ्या काढायच्या तर डझनावारी शाळा आणि काही वर्षांचे निकाल लागतात. एकट्या संशोधकाला दोन-तीन शाळा मिळतात. मग काय होतं? शिक्षकांकडून नेतृत्वशैलीची प्रश्नावली भरून घ्यायची, शेजारी मुलांचे गुण मांडायचे आणि सहसंबंध काढायचा, म्हणजे दोन्ही आकडे सोबत वाढतात-घटतात का ते पाहायचं. पण जिथे निकाल चांगला लागतो तिथले शिक्षक आपल्या मुख्याध्यापकांना उदारपणेच गुण देतात. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते कसं सांगणार? परीक्षक हाच प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तर नसतं.

विषय लहान करायचा तर नाम सोडून क्रियापद धरा. ‘नेतृत्व’ दिसत नाही. पर्यवेक्षिका वर्गात मागे बसून तास पाहते, नंतर शिक्षकाशी वीस मिनिटं बोलते, हे दिसतं. त्या वीस मिनिटांत बोलतं कोण? सूचना किती, प्रश्न किती? त्यातलं शिक्षक पुढच्या दोन आठवड्यांत काय उचलतात आणि काय सोडून देतात? हे ऐकता येतं, मोजता येतं, विचारता येतं आणि एका सत्रात पुरं होतं. शिवाय चार वर्षं हेच काम केलेल्या माणसाला त्यातले बारकावे दिसतात, जे बाहेरच्या संशोधकाला दिसणार नाहीत.

आणखी एका ठिकाणी पुष्कळांची गल्लत होते. ‘आमच्या शाळेत शिक्षकांना पुरेसं प्रशिक्षण मिळत नाही’ ही समस्या नाही. मनात आधीच ठरलेला उपाय उलटा करून लिहिला आहे इतकंच. समस्या अशी असते : ‘तासिका निरीक्षणाचे शेरे दरवर्षी तेच तेच येतात.’ त्याखाली ‘का’ असं लिहा, मिळालेल्या उत्तराखाली पुन्हा ‘का’, असं चार-पाच वेळा. इशिकावा यांची माशाच्या काट्याची आकृती याच कामासाठी आहे आणि कित्येक अभ्यासक्रमांत पहिल्याच सत्रात ती काढायला लावतात. घरीच काढून बघा. कागद भरला तर विषयात दम आहे.

आता मास्टर्स की डॉक्टरेट. आमचं मत स्पष्ट आहे, तुम्ही मास्टर्स करा. एक तर तुमचं एम.ए. भाषेतलं असेल तर संशोधनपद्धती, शाळेचं अर्थकारण, शैक्षणिक कायदा हे तुम्ही औपचारिकपणे शिकलेला नाहीत, आणि डॉक्टरेटमध्ये ते तुम्हाला आधीच येतं असं धरून चालतात. दुसरं म्हणजे लहान प्रबंध एकदा पुरा केलेला माणूस मोठा प्रबंध वेगळ्या हिशेबानं हाती घेतो. पुढे डॉक्टरेट केलीतच तर दोन वाटा असतात. पीएच.डी. संशोधक आणि प्राध्यापक घडवण्यासाठी असते. एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) कामावर असलेल्या प्रशासकासाठी असते, निदान कागदावर तरी. हार्वर्डची शिक्षणशाखा १९२० साली उघडली ती एड.डी. घेऊनच, पण पुढची कित्येक दशकं तक्रार हीच राहिली की दोन्ही पदव्यांत फरक फक्त नावाचा आहे. ती मिटवण्यासाठी २००७ मध्ये अमेरिकी विद्यापीठांनी कार्नेगी प्रकल्प सुरू केला आणि एड.डी.चा प्रबंध प्रत्यक्ष कामातल्या प्रश्नावर असावा हा आग्रह तिथून पसरला. हार्वर्डनं मात्र पुढे एड.डी. बंदच केली आणि २०१० पासून एड.एल.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन लीडरशिप) ही तीन वर्षांची वेगळी पदवी सुरू केली. तिचं तिसरं वर्ष एखाद्या शिक्षणसंस्थेत प्रत्यक्ष काम करण्यात जातं. हे सांगायचं कारण, पदवीच्या नावावर जाऊ नका. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं विद्यापीठाच्या संग्रहात बघा. विद्यापीठ प्रत्यक्षात काय करून घेतं ते तिथे कळतं.

फी भरण्याआधी एक चौकशी लेखी करा : ही पदवी तुमच्या व्यवस्थेत मुख्याध्यापकपदासाठी धरली जाते का? नेतृत्वाची पदवी आणि प्रशासकीय पात्रता या अनेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. ऑनलाइन किंवा परदेशी पदवी असेल तर ही चौकशी दुप्पट महत्त्वाची. माहितीपत्रकातल्या ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दावर विसंबू नका. कुणाची मान्यता, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे तिन्ही विचारा.

क्रेडिटचे आकडे बघून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. ते तासांत मोडा. अमेरिकी सेमिस्टर पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ४५ तासांचं काम, वर्गात एक तास तर घरी दोन, असं पंधरा आठवडे. त्यामुळे ३६ क्रेडिटचं मास्टर्स सोळाशे तासांच्या आसपास जातं. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट १० तासांचं आणि मास्टर्स १८० क्रेडिटचं, म्हणजे १८०० तास. ईसीटीएस या युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एकेक २५ ते ३० तासांचं. आकडे वेगळे दिसले तरी ओझं जवळपास तेवढंच. तीन क्रेडिटचा एक पेपर घेतलात तर आठवड्याचे नऊ तास गेले, दोन घेतलेत तर अठरा. पूर्णवेळ पर्यवेक्षकपद सांभाळून अठरा तास एखादं सत्र निभतात, लागोपाठ चार सत्रं निभत नाहीत. पहिल्या सत्रात एकच पेपर घ्यायची मुभा आहे का, ते विचारा.

त्याच बैठकीत आणखी विचारून घ्या. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पूर्ण करतात आणि किती वर्षांत? एका मार्गदर्शकाकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात? पेपर संपल्यावर लिहिण्याच्या काळात दर सत्राला नोंदणी फी लागते का? (ही फी कुणी आपणहून सांगत नाही. प्रबंध लांबला की तीच सगळ्यात जास्त बोचते.) पदवीची कमाल मुदत किती, आजारपणात ती थांबवता येते का? पहिल्या प्रश्नाला ‘आमचे बहुतेक विद्यार्थी’ असं गुळमुळीत उत्तर आलं, तर तेही उत्तरच समजा.

अर्जाची तयारी शेवटच्या तारखेच्या आठ-दहा महिने आधी सुरू करा. सगळ्यात जास्त वेळ खातात ती जुनी गुणपत्रकं. विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मिळायला आठवडे लागतात, कधी महिनेही. पदवीवर माहेरचं नाव आणि ओळखपत्रावर सासरचं असेल तर नावबदलाचा पुरावा आधीच तयार ठेवा, नाहीतर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहतो आणि तुम्हाला ते शेवटच्या आठवड्यात कळतं. इंग्रजीच्या परीक्षेची अट असेल तर टोफेल आणि आयईएल्टीएसचे गुण दोन वर्षंच चालतात, त्यामुळे फार लवकर देऊन ठेवू नका. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा अनेक ठिकाणी आता मागत नाहीत. मागत नसतील तर देऊ नका, तो वेळ एसओपीला द्या.

एसओपी भाषणासारखं होतं, कारण त्यात बहुधा विशेषणं असतात आणि घटना नसतात. ‘शिक्षण ही माझी तळमळ आहे’ हे वाक्य निवड समिती प्रत्येक अर्जात वाचते. तुमचा पहिला परिच्छेद थेट प्रश्नावर यावा, आकड्यासकट. समजा, असा : ‘गेल्या वर्षी मी ६२ तासिकांचं निरीक्षण केलं. त्यातल्या ४१ तासिकांच्या शेऱ्यात मी एकच वाक्य लिहिलं होतं, विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा. पुढच्या निरीक्षणातही तेच लिहावं लागलं, तेव्हा दोष शेऱ्यात असावा असं वाटू लागलं.’ तुमचे खरे आकडे तुमच्या नोंदवहीत आहेत, ते काढा. दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही काय करून पाहिलं आणि ते कुठे फसलं. फसलेलं लपवू नका, निवड समितीला तेच वाचायचं असतं. तिसऱ्यात, पुढे जाण्यासाठी तुम्हाला नेमकं काय येत नाही. मग हा अभ्यासक्रम ते कसं शिकवतो, त्यातल्या पेपरांच्या आणि प्राध्यापकांच्या कामाच्या उल्लेखासह. दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घालूनही हा परिच्छेद तसाच चालत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही. शब्दमर्यादा दिलेली नसेल तर ८०० ते १००० शब्द पुरे. लहानपणीच्या आदर्श बाईंना त्यात जागा नाही, त्या कितीही आवडत्या असल्या तरी.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या मागे लागू नका. तुम्हाला ओझरतं ओळखणाऱ्या संस्थाध्यक्षांच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा, तुमच्याशी वाद घातलेल्या मुख्याध्यापकांचं एक पान जड भरतं. एक पत्र वरिष्ठांचं, एक तुमचं लेखन वाचलेल्या प्राध्यापकाचं, आणि तिसऱ्याची मुभा असेल तर तुमच्या पुढाकारानं चाललेल्या कामात सोबत असलेल्याचं. सहा ते आठ आठवडे आधी विचारा आणि विचारताना एका पानावर तीन घटना लिहून द्या : काय झालं, तुम्ही काय केलंत, परिणाम काय. सोबत एसओपीचा मसुदा आणि तारखा. ‘तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो’ असं उत्तर मिळालं तर नम्रपणे दुसरी व्यक्ती शोधा. एकाच हातची भाषा लगेच ओळखू येते.

प्रवेश मिळाल्यावर एकच शिस्त सांभाळा. प्रत्येक पेपरचं लेखन त्याच एका प्रश्नाभोवती करा. कायद्याच्या पेपरमध्ये निरीक्षणाच्या नोंदींची गोपनीयता, अर्थकारणात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जाणारा वेळ आणि पैसा, संशोधनपद्धतीत तुमचीच मुलाखतीची प्रश्नावली. आठ पेपर झाले की प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचा, कच्चा माल जमलेला असतो. मात्र आपलंच जुनं लेखन जसंच्या तसं उचलण्याला अनेक विद्यापीठांत परवानगी लागते, ती विचारून घ्या. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, ते फुकट आहे. शिवाय एक तक्ता करा. प्रत्येक लेखाला एक ओळ, रकाने असे : प्रश्न, कुठे आणि किती जणांवर, पद्धत, काय सापडलं, माझ्या प्रश्नाशी संबंध. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो लेख तुमच्या उपयोगाचा नाही, कितीही गाजलेला असो.

इंटर्नशिप असेल तर ती आपल्याच शाळेत करण्याचा मोह होतो, आणि चालतंही. पण रोजचीच कामं तासांत मोजली तर शिकणं होत नाही आणि तपासणीत ते तास कापलेही जातात. शैक्षणिक नेतृत्वाची २०१५ सालची अमेरिकी व्यावसायिक मानकं दहा आहेत. ती समोर ठेवून आपल्या कामावर खुणा करा. पर्यवेक्षिकेच्या खुणा अध्यापन-अभ्यासक्रम आणि शिक्षकांच्या क्षमता यांवर भरपूर पडतील, पण शाळेचं व्यवस्थापन, पैसा, पालक आणि समाजाशी संबंध इथे जागा मोकळी दिसेल. इंटर्नशिप तिथे करा. अंदाजपत्रकाच्या बैठकीला बसा, शिक्षकभरतीच्या मुलाखतीत निरीक्षक म्हणून बसता येतं का ते विचारा. नोंदवहीवर दर आठवड्याला सही घ्या. सत्राच्या शेवटी एकदम घेतलेल्या सह्यांत तारखांचा घोळ हमखास होतो.

आता नीतिसमिती, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी विद्यापीठाची समिती. तुमच्या बाबतीत खरी अडचण इथे येईल, म्हणून जरा सविस्तर. तुम्ही ज्यांचं निरीक्षण करता आणि ज्यांच्या वार्षिक अहवालावर तुमचा शेरा जातो, त्याच शिक्षकांना ‘माझ्या संशोधनात भाग घ्याल का’ असं विचारलंत, तर ‘नाही’ कोण म्हणेल? तशा होकाराला संमती म्हणत नाहीत. संशोधननीतीचा पाया मानल्या जाणाऱ्या १९७९ च्या अमेरिकेतल्या बेलमाँट अहवालातलं पहिलं तत्त्व व्यक्तीचा आदर हे आहे आणि स्वेच्छा त्यातच येते. मार्ग तीन आहेत. अभ्यास दुसऱ्या शाळेत करायचा. किंवा आपल्याच शाळेत करायचा, पण आमंत्रण आणि संमतिपत्र तुमच्या हाताखाली नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीनं द्यायचं आणि कोण सहभागी आहे हे वार्षिक अहवाल लिहून होईपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नाही. तिसरा आणि सगळ्यात सोपा : अभ्यासाचा रोख इतर शाळांतल्या पर्यवेक्षकांवर ठेवायचा, जे तुमच्या बरोबरीचे आहेत. आम्ही तिसरा घेऊ. मुलांकडून माहिती घ्यायची असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात आणि मंजुरीला वेळ लागतो. मास्टर्सच्या प्रबंधात मुलं शक्यतो टाळा. मंजुरी येण्याआधी केलेली मुलाखत साधारणपणे वापरता येत नाही, मग ती कितीही उत्तम झालेली असो.

मुलाखतींचा हिशेब आधी करा. पंचेचाळीस मिनिटांच्या आठ मुलाखती म्हणजे सहा तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास उतरवून काढायला चार ते सहा तास जातात, म्हणजे २४ ते ३६ तास फक्त उतरवण्याचे. त्यानंतर विश्लेषण. मजकुरातली मुख्य सूत्रं शोधण्यासाठी ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या सहा टप्प्यांचा आधार बहुतेक जण घेतात, पण पहिला टप्पा, म्हणजे सगळं पुन्हा पुन्हा वाचणं, उडवून थेट उताऱ्यांना सांकेतिक नावं द्यायला बसतात आणि मग मुलाखतीतले प्रश्नच ‘निष्कर्ष’ म्हणून परत येतात. संगणकानं उतरवलेला मजकूर मिळाला तरी मुद्रण ऐकत तपासा. मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत विश्लेषण करा, अवतरणापुरतं भाषांतर करा आणि मूळ वाक्य जपून ठेवा. सर्वेक्षणाचा विचार असेल तर चाळीस जणांना फॉर्म पाठवून साठ टक्के उत्तरं आली तर हाती चोवीस उरतात. त्यांचे अनुभवानुसार चार गट पाडले की एका गटात सहा. त्यावर टक्केवारी मांडू नये.

मार्गदर्शक निवडताना नावाआधी एवढंच विचारा : मसुदा किती दिवसांत परत मिळतो? दोन आठवडे हे रास्त उत्तर. प्रकरण पाठवताना ‘कृपया पाहावे’ असं न लिहिता तीन नेमके प्रश्न लिहा, आणि प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत मेल करा. सहा महिन्यांनी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हा प्रसंग त्यानं टळतो. वेळ काढायचा तर शाळा भरण्याआधी आठवड्यातून दोनदा दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी सलग चार तास, मिळून सात. परीक्षा आणि प्रवेशाचे आठवडे वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर काट मारून टाका, तिथे लेखन होणार नाही. त्या आठवड्यांत संदर्भांची यादी आणि तक्ते नीट लावा. पाठ्यक्रमात एपीएची (संदर्भ आणि मांडणीच्या नियमांची) सातवी आवृत्ती सांगितली असेल तर समासापासून मथळ्यापर्यंत सगळं त्याप्रमाणे, कारण मौखिक परीक्षा पार पडल्यावरही मांडणीच्या चुकांसाठी प्रबंध परत येतो.

तुमच्या सहकारी बाईंना एक निरोप द्या. पदवीची कमाल मुदत कधी संपते ते त्यांनी आजच विभागाच्या कार्यालयात विचारावं आणि मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्यावा, कारण नंतर नव्यानं नोंदणी करावी लागते आणि जुने पेपर कधीकधी बाद होतात. मार्गदर्शकांना पाच वर्षांची माफी मागणारं पत्र लिहू नये. दोन पानं पाठवावीत : प्रश्न काय होता, माहिती किती जमली, कोणतं प्रकरण कुठवर आलंय आणि पुढचा मसुदा कोणत्या तारखेला येईल. जमलेल्या माहितीतून मूळ विषय पुरा होत नसेल तर विषय लहान करण्याची परवानगी त्याच पत्रात मागावी.